तिला विचारलं, उत्तर मी दिलं

माझी बायको पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. आमच्याकडं गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. ती गेल्यावर गल्लीत दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक, की तिनं आजार लपवला. दुसरी, की तिच्यावर देवीचा कोप झाला. दोन्ही खोट्या, आणि दोन्ही मी खाली मान घालून ऐकून घेतल्या. खरं काय झालं ते मला एकट्याला ठाऊक होतं. माझं शिक्षण पाचवीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात डावंउजवं झालं तर सांभाळून घ्या. झालं ते मात्र झालं तसंच लिहिणार आहे.

आम्ही मूळचे वळसंगकडचे. लग्नानंतर सोलापुरात आलो. मी मार्केट यार्डात हमाल. उमेदीत कांद्याची पोती पाठीवर वाहिली, पाठ गेल्यावर दाभण-सुतळी घेऊन पोत्यांची तोंडं शिवत बसलो. बायको घरी विड्या वळायची. उंबऱ्यात बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोलता बोलता वळायची, भांडता भांडतापण वळायची. हात थांबला, की समजायचं आता खरी चिडली.

आमच्या घरात बाईच्या पाळीचं लई कडक होतं. आईनं तसं ठेवलं होतं, आई गेल्यावर मी ठेवलं. चार दिवस तिनं मोरीजवळच्या कोपऱ्यात बसायचं. खाली पोतं, ताट-तांब्या वेगळा, देवाकडं तोंडसुद्धा करायचं नाही. विड्या मात्र त्या चार दिवसांत वळलेल्या चालायच्या. त्यावरनं एकदा ती मला म्हणाली, "तुमच्या देवाला मी चालत न्हाय, पर विडीवाल्याला चालते की." मी तिच्यावर ओरडलो होतो. आता वाटतं, त्यात ओरडण्यासारखं काय होतं.

आईची देवीची परडी होती. परडी म्हणजे वेताची उथळ टोपली. मंगळवारी ती हातात घेऊन पाच घरं जोगवा मागायचा, म्हणजे मूठ-मूठ पीठ मागायचं, त्याचा प्रसाद करून गल्लीत वाटायचा. नवरात्रात ती घटाशेजारी मांडायची. आमच्या घरातली चाल अशी, की पाळी गेलेल्या बाईनंच परडी उचलायची. आई गेली तेव्हा बायको चाळिशीची. म्हणून परडी फडक्यात बांधली आणि खुंटीला टांगली. तिथं ती दहा-अकरा वर्षं टांगलेली राहिली.

मग बायकोची पाळी गेली. दुसऱ्या बायका त्या दिवसांत कुरकुरतात. अंगाची आग, चिडचिड, झोप नाही. हिलापण आग व्हायची, विडी वळता वळता मध्येच पदरानं वारा घ्यायची, पण खूश होती. वर्ष कोरडं गेलं आणि तिनं स्वतः स्टुलावर चढून खुंटीवरनं परडी काढली. धुतली, पुसली, हळद लावली. मला म्हणाली, "आता मी सुटले."

त्या दिवसापासून ती दुसरीच बाई झाली. गल्लीतल्या बायका तिच्या पाया पडायला लागल्या. कुणाचं पोर किरकिर करतंय, कुणाची सून नांदत नाही, सगळी गाऱ्हाणी आमच्या दारात. ती कुंकू लावायची आणि वर चार शब्द सुनवायची. एकीला म्हणाली, "देवीला काय सांगतीस, सुनंला दोन घास निवांत खाऊ दे, नांदती बघ." जन्मभर मोरीजवळ बसवलेली बाई आता देवघरात मलाच हात धुवून या म्हणायची. मला ते आवडायचं. यार्डात मी चार लोकांना सांगायचो, आमच्या घरात परडी हाय, मालकीण जोगवा मागती. तिच्या मानाचा अर्धा वाटा मी माझा समजत होतो.

सहा-सात वर्षं अशी गेली.

एका श्रावणात, सकाळी मी चहा घेत होतो, तर ती जवळ येऊन बसली. मांडीवर सूप नव्हतं. म्हणाली, "अवो, मला परत आलंय."

"काय आलंय?"

"बाईचं. काल डाग होता, आज जास्त हाय."

आता ह्यावर नवऱ्यानं काय विचारावं? दुखतंय का, चक्कर येतीय का, दवाखान्यात जायचं का. मी विचारलं, "म्हंजे काल परडीला शिवलीस तू?"

काल मंगळवार होता. शिवली होती. पाच घरं फिरून आली होती, त्या पिठाचा प्रसाद गल्लीनं खाल्ला होता. मी म्हणालो, कुणाला सांगू नको, दोन दिवस कणकण आलीय म्हणून सांग. तिनं तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी थांबलं. थांबलं म्हटल्यावर आम्ही दोघंही असे वागलो जसं काही झालंच नाही. साठीजवळची बाई, सात वर्षांनी अंगावर लाल गेलं, आणि घरात कुणाच्या डोक्यात आजार आला नाही. आमच्या डोक्यात फक्त विटाळ आला.

मग नवरात्र आलं. घट बसला, ती घटाला बसली, नऊ दिवस उपवास. चौथ्या माळेला संध्याकाळी ती तरवडाच्या फुलांची माळ बांधायला वाकली आणि मला मागनं लुगड्यावर डाग दिसला. तिलाही कळलं असणार, कारण ती तशीच उभी राहिली, माळ हातात. दारात बायका आरतीला जमत होत्या, चपला काढल्याचा आवाज येत होता. ती हळू म्हणाली, "मी बाहीर बसते. तुमी सांगा त्यास्नी."

मी म्हणालो, "लुगडं बदल आन ये. बोलू नको."

तिनं लुगडं बदललं आणि आली. आरती झाली. माळ तिनंच बांधली. गल्लीत पुढं जे बोललं गेलं, की हिनं विटाळात घटाला हात लावला, त्यातलं हे एवढं खरं आहे. हात तिचा होता. लावायला मी लावला. चार बायकांत माझी लाज जाऊ नये म्हणून.

नंतर माझ्या मनात भीती बसली. देवीची. म्हणून तिला तुळजापूरला घेऊन गेलो. पायरीवर तिला नाक घासायला लावलं. मी नाही घासलं, मी पिशव्या धरून उभा होतो. ती उठली तेव्हा नाकाच्या शेंड्याला धूळ होती, ती तिनं पुसली नाही. गाडीत बसेपर्यंत तशीच होती.

डाग येत राहिला. कधी महिन्यानं, कधी पंधरा दिवसांनी. जुन्या लुगड्याचे तुकडे घ्यायची, धुवायची आणि दोरीवर माझ्या धोतराखाली वाळत टाकायची, कुणाला दिसू नयेत म्हणून. दर वेळी मी एकच हिशेब करायचो, आज मंगळवार तर नाही, पुनव तर नाही. मंगळवार असला की परडी मीच फडक्यानं झाकायचो आणि ती डोकं दुखतंय म्हणायची.

गल्लीतल्या बायका वळलेल्या विड्या ज्या ब्रँचमध्ये द्यायला जातात, तिथं थंडीच्या दिवसांत आशाताई यायला लागली. आशाताई म्हणजे आरोग्य खात्याचं घरोघरचं काम करणारी बाई. पोरगीच होती, तिशीची असंल. चित्रांची वही घेऊन यायची आणि विड्या मोजून होईपर्यंत बायकांना समोर बसवायची. पहिल्या दिवशी बायको घरी आली ती हसतच. सांगायला लागली, की आशाताईनं पिशवीचं चित्र दाखवलं, तर शेजारची अक्का म्हणाली, "ये तो उल्टा वांगा है." ही अक्का तेलुगू, चाळीस वर्षं आमची शेजारीण, हिंदी-मराठी-तेलुगू एकत्र कालवून बोलते. सगळ्या हसल्या. तर आशाताई म्हणाली, हसा हसा, ह्याच वांग्यातनं तुम्ही सगळ्या आलात, तुमचे मालकपण.

मीही हसलो. तेवढ्यात बायकोचे हात थांबले. म्हणाली, "ती आनखी एक सांगत होती. पाळी जाऊन वरीस झालं आन मग एक ठिपका जरी दिसला, तर ती पाळी नसती म्हणं. पाळी परत येतच न्हाय. ते दुसरं काय तरी असतंय, दाखवायचं असतंय."

तिनं सूप खाली ठेवलं.

"अवो, पाळी न्हाय ती. म्हंजे इटाळ न्हाय की मग."

तिचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. आजाराची भीती तिला अजून शिवली नव्हती. एवढ्या महिन्यांचं पाप डोक्यावरनं उतरलं, असा चेहरा होता. आणि मी म्हणालो, त्या पोरीला देवाधरमातलं काय कळतंय.

तिनं तो विषय सोडला नाही. आठ दिवस लावून धरला. पुढच्या रविवारी समाजमंदिरात बायकांच्या तपासणीचं शिबिर आहे, मला जायचंय. शेवटी मी म्हणालो जा, पण मी संगं येणार. तिला बरं वाटलं. नवरा संगं येतोय म्हणून बरं वाटलं तिला. मी का चाललो होतो ते मला माहीत होतं. ती तिथं काय बोलेल ह्याची मला धास्ती होती.

समाजमंदिरात एका कोपऱ्यात दोरीला चादर टाकून पडदा केला होता. अलीकडं टेबल, टेबलावर सिस्टर, कागद भरत होती. टेबलापासून चार हातांवर सतरंजी, सतरंजीवर आमची गल्ली. अक्का होती. पलीकडच्या घरातली मावशी होती, जी दर मंगळवारी पहिला जोगवा घालायची. बायका शेंगा सोलत, गप्पा मारत बसल्या होत्या आणि टेबलावरचं सगळं ऐकत होत्या. खुर्ची एकच. तिच्यावर बायको बसली, मी शेजारी उभा राहिलो.

सिस्टरनं वय विचारलं, बाळंतपणं किती, पाडलेलं-गेलेलं काही, लग्न कितव्या वर्षी झालं. बायको नीट उत्तरं देत होती. तिला आवडत होतं ते. आजवर तिला कुणी एवढं ओळीनं विचारलं नव्हतं.

"पाळी जाऊन किती वर्षं?"

"सात झाली असतील."

"त्यानंतर कधी अंगावर लाल गेलं?"

बायकोनं श्वास घेतला. मला ऐकू आला तो. मागं सतरंजीवर शेंगा फोडायचा आवाज थांबल्यासारखा वाटला. थांबला नसंलही. मला तसं वाटलं. आणि मी म्हणालो, "न्हाय. तिचं सगळं कवाच थांबलंय."

सिस्टर वर न बघता म्हणाली, "मी आजींना विचारतेय."

बायको माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. सिस्टरच्या पेनाकडं बघितलं. निळं पेन होतं, टोपण चावलेलं. बायको म्हणाली, "ते म्हणत्यात तसंच."

सिस्टरनं लिहिलं, नाही.

तरी तिनं सोडलं नाही, भली बाई. म्हणाली, आलाच आहात तर पडद्यामागं तपासून घेऊ, पिशवीच्या तोंडाला एक औषध लावून बघतात, दुखत नाही, पाच मिनिटांचं काम. ह्या वयाच्या सगळ्यांचंच करतोय. बायको उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सिस्टरला म्हणालो, "तिच्याकडं देवीची परडी हाय. असलं आमच्यात चालत न्हाय."

"देवीला चालतं हो आजोबा. तीपण बाईच आहे."

मागं सतरंजीवर हशा पिकला. मला राग आला. चल म्हणालो आणि निघालो. ती मागनं आली. हातात कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं होती.

वाटेत तिनं कोपऱ्यावर मेथीची जुडी घेतली. नेहमीसारखी घासाघीस केली. जुडीत पाणीच जास्त हाय, झटक की जरा, असं म्हणाली भाजीवाल्याला. मी मनात म्हटलं, हिला काही वाटलेलं नाही, झालं ते बरं झालं. त्यानंतर तिनं मला डाग सांगितला नाही. एकदाही नाही. लोक म्हणतात तिनं लपवलं. लपवलं, पण माझ्यापासनं, आणि त्या रविवारनंतर.

पावसाळा सुरू झाला तेव्हा ती वाळली होती. कंबर धरून उठायची. घरात एक वास यायला लागला होता. मी मोरीत फिनेल टाकत होतो. एवढंच सुचत होतं मला. एक दिवस मी यार्डात असताना ती उंबऱ्यातच सुपावर पडली. अक्कानं बघितलं, रिक्षा बोलावली, तिला मांडीवर घेऊन मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा अक्काच्या लुगड्यावर सगळं रक्त होतं. मला बघून ती फक्त म्हणाली, "कित्ता दिन से है, अण्णा?" मी म्हणालो, माहीत नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला, आठवड्यानं सांगितलं. कॅन्सर आजूबाजूला पसरलाय, ऑपरेशनचं राहिलं नाही, शेक द्यायचा. मशीनच्या किरणांना तिथं शेक म्हणतात. तोवर मुलगी मोहोळवरनं आली होती. आमची एकुलती एक, तिथं दिलेली. आशाताईपण आली होती आणि तिनं शिबिरातल्या कागदाची झेरॉक्स आणली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि विचारलं, "इथं रक्तस्राव नाही असं लिहिलंय. आणि आजी म्हणतायत वर्ष होत आलं. तेव्हा कळलं असतं तर कदाचित वेळेत सापडलं असतं. नाही कोण म्हणालं?"

मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो, चहाचा थर्मास धरून.

बायको म्हणाली, "मीच म्हणाले. लाज वाटली."

मुलगी तिच्यावर तुटून पडली. रडत होती आणि बोलत होती. लाज वाटली म्हणं, शिकल्याली न्हाईस ते न्हाईस, जीवापेक्षा लाज मोठी झाली काय तुला, आमचा इचार केला न्हाईस. बायको ऐकत होती. सलाईनचा हात तिनं पोटावर ठेवला होता आणि दुसऱ्या हातानं मुलीचं मनगट धरलं होतं. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी थर्मासचं टोपण घट्ट केलं.

शेकाचे दिवस वाईट गेले. खालची कातडी भाजली, खाल्लेलं टिकत नव्हतं. अक्का रोज ताक घेऊन यायची, तिला हसवायची. एका दुपारी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, तू माझं नाव का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "पोरगी बोलली नसती मग तुमच्याशी. मी गेल्यावर तुमाला भाकरी कोन घालनार?"

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मला इचारलं तवा तुमी बोललात. तुमाला इचारलं तवा मी बोलले." आणि भिंतीकडं कूस बदलली.

ती त्यानंतर आठ महिने होती. चैत्रात गेली.

दहाव्याला नदीवर मावशी बायकांत बसून म्हणत होती, "घटाला शिवली आसंल बया तसल्यात. देवी सोडती व्हय?" मी पाच पावलांवर होतो, ऐकलं आणि तसाच पुढं निघून गेलो. घरी आल्यावर परडी फडक्यात बांधली आणि माळ्यावर टाकली. दोन वर्षं अशीच काढली. बायका मला बघून म्हणायच्या, बिचारा, बायकोनं सांगितलंच न्हाय त्याला. मी बिचारा म्हणून घेत होतो.

गेल्या संक्रांतीला मोहोळला मुलीकडं होतो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती, तिची शाळेतली पोरगी शेजारी बसली होती. मुलगी सांगत होती, तिला पांढरं जात होतं, तर ती लगेच दवाखान्यात दाखवून आली, तपासणी करून घेतली, काही नाही निघालं, गोळ्या दिल्या. मला लई बरं वाटलं. मग ती आपल्या पोरीला म्हणाली, "ध्यानात ठेव, काय बी झालं तर मला सांगायचं. आज्जीसारखं लपवून मरायचं न्हाय."

पोरगी हो म्हणाली. तिला तिची आज्जी आता एवढीच राहणार होती, लपवून मेलेली. मी पोरीला बाहेर पाठवलं आणि मुलीला सगळं सांगितलं. श्रावणापासनं. चौथी माळ, तुळजापूर, शिबिर, पेन, सगळं.

तव्यावरची भाकरी करपली. तिनं तवा उतरवून खाली ठेवला. मग विचारलं, "आई बघत हुती तुमच्याकडं?"

"व्हय."

"आन तुमी?"

मी सांगितलं कुठं बघत होतो ते.

ती म्हणाली, "आप्पा, मी वॉर्डात तिला काय काय बोलले. ते आता कुटं नेऊन ठेवू?" ती रडलीसुद्धा नाही. दुसरी भाकरी थापायला घेतली, मोडली, परातीत टाकली. "मला सांगून काय उपेग. तिचं नाव तितं गल्लीत गेलंय. तितं सांगा. तंवर माझ्याकडं येऊ नका."

मी दुपारच्या गाडीनं परत आलो. बायकोचा अंदाज बरोबर होता. मुलगी तेव्हापासनं बोलत नाही. जावई फोन करतो, तब्येत विचारतो.

त्यानंतर दोनदा ब्रँचपर्यंत जाऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो. आशाताईचा दिवस होता. वीसेक बायका सुपं-टोपल्या पुढ्यात घेऊन बसलेल्या. मला बघून एक म्हणाली, आजोबा, विड्या वळायला लागला काय? हशा झाला. आशाताईनं खुर्ची दिली, मी बसलो नाही. म्हणालो, मला माझ्या मालकिणीबद्दल बोलायचंय.

मी फार बोललो नाही. तिनं आजार लपवला नाही, तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. शिबिरात सिस्टरनं तिला विचारलं, तेव्हा न्हाय मी म्हणालो. तुमी सगळ्या मागं बसला हुता, तुमाला कळू नये म्हणून म्हणालो. तपासणीला मी जाऊ दिलं न्हाय. आन घटाला तिला मी बसवलं, ती नको म्हणत हुती.

मग मावशी म्हणाली, "म्हंजे तसल्यात माळ बांधली? आन आमी परसाद खाल्ला?"

"व्हय. मी खायला लावला."

"आरं देवा."

अक्का तिच्याकडं वळून म्हणाली, "तीन साल हो गया. पचला नव्हं तुला? मग गप बस की." एक-दोघी हसल्या, बाकीच्या नाही. अक्कानं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांची शेजारीण, पण त्या दिवशी तिनं मला अण्णा म्हटलं नाही. म्हणाली, "मैं पूछी थी तुमको. दवाखान्यात पूछी थी. माहीत न्हाय बोला तुमी."

"व्हय," मी म्हणालो.

तिनं तोंड फिरवलं आणि सुपातली पानं नीट करायला लागली. तिच्या मांडीवर माझी बायको रक्तात पडली होती. मी तसाच उभा. आता कुणीतरी शिवी द्यावी, किंवा झालं-गेलं म्हणावं, असं काहीतरी माझ्या मनात असावं. दोन्ही कुणी केलं नाही. सगळ्या खाली बघत होत्या.

आशाताईनं चित्रांची वही मांडीवर घेतली. तिचे डोळे लाल झाले होते, आवाज मात्र साधा होता. म्हणाली, "आजोबा, झालं तुमचं सांगून?"

"झालं."

"मग आता बाहेर जा तुम्ही. दार ओढून घ्या. तुमच्यासमोर ह्या बोलायच्या नाहीत."

मी दारात चपला शोधल्या. वीस जणींच्या चपलांत माझ्या सापडायला वेळ लागला. तेवढ्यात आत कुणीतरी हळू आवाजात सुरुवात केली, "ए पोरी, मला बी एक इचारायचं हुतं..." आवाज ओळखीचा होता. कुणाचा ते ध्यानात यायच्या आधी मी दार ओढून घेतलं आणि ऐकू येणार नाही इतका लांब चालत गेलो.